पाटाचं घड्याळ

"भी खुशाल, पण हात हलू देऊ नको."

मावशींचं हे वाक्य मी दिवसातून पाच-सहा वेळा तरी ऐकत असे. करवत चालवताना त्या लाकडाचं एक टोक मला धरायला लावत. पातं माझ्या बोटांपासून चांगलं वीतभर लांब असे, तरी माझे डोळे आपोआप मिटत. मग त्या करवत थांबवून म्हणत, "कशाला भ्यायलीस? बरं, भी. भी खुशाल, पण हात हलू देऊ नको. तू हाललीस की माझी रेघ वाकडी."

मला लहानपणापासून सगळे 'घाबरू नको' असंच म्हणत आले. आई म्हणायची, शाळेतल्या बाई म्हणायच्या, लग्न झाल्यावर नवरा म्हणू लागला. त्याचा काही उपयोग झाला नाही. भ्यायची परवानगी देणारं माणूस मला एकच भेटलं.

आमची गल्ली सुरतेजवळ भेस्तानला आहे. समोरासमोर खोल्यांच्या दोन रांगा, मध्ये हातगाडी जाईल एवढी वाट. बहुतेक सगळे खानदेशातले. पुरुष लूमच्या खात्यात कापड विणणारे, बायका घरी बसून साड्यांना टिकल्या लावणाऱ्या. मावशी तेवढ्या लातूरकडच्या. त्यांचे मालक बांधकामावर सेंट्रिंगचं काम करत. ते गेल्यावर त्यांची करवत, हातोडा, पटाशी घरात राहिली. दुसऱ्या कुणी ती विकून टाकली असती. मावशींनी आपला चिरलेला पोळपाट घेतला, त्याच्या कडेने साडीची जर चिकटवली, खाली पितळी हूक लावले आणि किल्ल्या अडकवायला तो भिंतीवर टांगला. तो पाहून शेजारीण स्वतःचा जुना पोळपाट घेऊन आली. तिथून सगळं सुरू झालं.

तुमच्याही माळ्यावर अशा वस्तू पडलेल्या असतील. टाकवत नाहीत आणि वापरवतही नाहीत. मावशी त्यांचं काहीतरी करत. लाटण्याला साखळी लावून टॉवेल टांगायची दांडी. खाटेच्या पायांचे अगरबत्तीचे उभे स्टँड. पाळण्याच्या रंगीत लाकडी चिमण्यांचं दारावरचं तोरण. एकदा जुन्या मोठ्या रवीत त्यांनी बल्ब बसवला. नाक्यावरच्या गुजराती दुकानदाराने ती उलटसुलट करून विचारलं, "आ शुं छे, बेन?" मावशी मराठीतच म्हणाल्या, "झुंबर हाय. वर बघायचं असतंय, हातात घेऊन न्हाई." त्याने ते दुकानात मधोमध टांगलं.

नवं लाकूड त्या आणत नसत. म्हणत, "त्याला कुणाचा हात लागलेला नसतोय. त्यात काय बघायचं?" जुनी वस्तू आली की त्या आधी अंगठ्याने चाचपून बघत आणि मग त्या घरची गोष्ट सांगत. एका लाटण्याची डावी बाजू जास्त झिजलेली पाहून त्यांनी आणणारीला विचारलं, "तुमची सासू डावखुरी होती का?" ती बाई चपापली. खरंच होती. बाई गेल्यावर मावशी मला म्हणाल्या, "बघ, कशी पळाली. तिला वाटलं मला काय अंगात येतंय."

माझी त्यांची ओळख टिकल्यांमुळे झाली. मी दारात बसून साडीला टिकल्या लावत होते. त्या उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "हात बारीक हाय तुझा. माझ्या लाकडी घड्याळाला लावशील का?" मी मान हलवली. मग दुपारी त्यांच्याकडे जायला लागले. त्या कापत, घासत, रंग देत, आणि वरचे खडे, टिकल्या, जरीचे तुकडे मी चिकटवायचे. चार महिन्यांत मी त्यांच्याशी फार तर चार वाक्यं बोलले असेन. त्यांना त्याचं काही वाटत नसे. "तुझ्यासारखं माणूस बरं," त्या म्हणत. "करवतीचा आवाज नीट ऐकू येतोय. त्या आवाजावरच कळतंय लाकूड कुठं दगा देणार ते."

गेल्या वर्षी वैशाखात गल्लीतल्या कोपऱ्यावरच्या घरातली सून एक पोतं घेऊन आली. तिची सासू म्हणजे मोठी माय. सगळी गल्ली तिला मोठी मायच म्हणते आणि सगळी गल्ली तिला वचकून असते. सासू-सासरे लग्नासाठी गावी गेले होते. सून सुरतेतच जन्मलेली, बोलणं अर्धं हिंदी.

"मौसी, ये देखो ना. माळ्यावर पडलं होतं, किती जुनं आहे. याचं मस्त घड्याळ बनवून द्या. मम्मी गावाहून यायच्या आधी पाहिजे, सरप्राइज आहे."

पोत्यातून पाट निघाला. सागवानी, जाड, काळसर पडलेला.

मी तो जवळून पाहिला. चारही कोपऱ्यांना कुंकवाची बोटं होती. लाकडाच्या रेषांमध्ये हळद मुरलेली होती. आणि मधोमध एक फिकट गोल होता, वर्षानुवर्षं कलश ठेवून पडलेला. असाच पाट माझ्या माहेरी आहे. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नारळाची देवी, एका दिवसाची पाहुणी. ती बसते तो पाट वर्षभर कुणी वापरत नाही, त्यावर कुणी बसत नाही. तो फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवतात. गल्लीतल्या सगळ्यांची कानबाई मोठ्या मायच्या घरी बसते. म्हणजे हा तोच पाट होता.

सुनेला ते माहीत नव्हतं. तिचं लग्न झालं त्याआधीच्या माघात, तिने सासरचा श्रावण अजून पाहिलाच नव्हता. मावशींना माहीत असायचं कारण नव्हतं, लातूरकडे कानबाई नाही.

मावशींनी पाटावरून अंगठा फिरवला. मधल्या गोलावर तो थांबला. त्या माझ्याकडे वळल्या. "कशाचे डाग हायेत गं हे? तुमच्यातलं काय हाय का?"

सून माझ्याकडे बघत होती. मावशी बघत होत्या. माझ्या मनात आलं, आपण बोलावं आणि चुकीचं निघावं. सून म्हणेल, ही कोण मोठी आमच्या घरातलं सांगणारी. मोठ्या मायच्या कानावर जाईल. ती दारात येईल. ती दारात आली की माझी जीभ टाळूला चिकटते.

"काय माहीत," मी म्हणाले.

मावशींनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग करवत घेतली आणि पाटाचं टोक मला धरायला सांगितलं. मी धरलं. त्या दिवशी माझा हात जराही हलला नाही.

मधल्या भागाचं गोल घड्याळ झालं. गडद निळा रंग दिला, बारा आकड्यांच्या जागी मी बारा खडे लावले. गल्लीतल्या बायका बघून गेल्या, सगळ्यांना आवडलं. मोठी माय गावाहून आली, तिलाही आवडलं. रंगामुळे तिने लाकूड ओळखलं नाही. पाणी भरायला जाताना मला त्यांच्या उघड्या दारातून ते घड्याळ दिसे. मी मान खाली घालून निघून जाई. आषाढ आला तसं मला अन्न गोड लागेना. श्रावणाला किती दिवस राहिले ते मी मनात मोजत होते. कधी वाटे, आत्ता जाऊन सांगावं. पण सांगून पाट परत येणार नव्हता. आणि रोज एक दिवस जास्त उशीर होत होता.

श्रावण लागला आणि मोठी माय माळ्यावर चढली.

मला आधी तिचा आवाज ऐकू आला. मग ती गल्लीतून येताना दिसली, हातात घड्याळ, मागे रडणारी सून. सगळ्या दारांत बायका उभ्या राहिल्या. मावशी बाहेर येऊन पॉलिश पेपर हातात घेऊन उभ्या होत्या.

"हाऊ मन्ही कानबाईना पाट व्हता," मोठी माय म्हणाली. "मन्ही सासूनी दियेल व्हता. तू तेना तुकडा करी टाका."

मावशींना अहिराणी अर्धीच कळे. पण हे कळलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "मला ठावं नव्हतं, माय. आमच्याकडं ही देवी न्हाई."

"ठाऊक नही, तं कोन्हाले इचारनं व्हतं."

मावशींनी तोंड उघडलं. मी समोरच माझ्या दारात होते, मांडीवर साडी, बोटाला टिकली चिकटलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हे मला अजून आठवतं. एकदाही पाहिलं नाही.

"चुकलं," त्या म्हणाल्या.

एवढ्यावर कदाचित भागलं असतं. पण चौथ्या दिवशी मोठ्या मायचा थोरला नातू, तिच्याकडेच राहणारा लेकीचा मुलगा, तापाने फणफणला. सहा वर्षांचं पोर. भेस्तानमध्ये त्या वेळी घरोघरी ताप होता, डास होते, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी गल्लीत एकच बोलणं सुरू झालं, कानबाई कोपली. पोराला दवाखान्यात ठेवलं. रक्तातल्या पेशी कमी झाल्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर मावशींच्या उंबऱ्यापाशी वस्तूंचा ढीग होता. त्यांनीच केलेल्या वस्तू. किल्ल्यांचे पोळपाट, लाटण्याच्या दांड्या, चिमण्यांचं तोरण, तीन घड्याळं. कुणी आणून ठेवल्या ते कुणी बोललं नाही. घड्याळं चालूच होती, तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवत. माझ्या घरीही त्यांनी दिलेली एक दांडी होती. मी ती ढिगात ठेवली नाही. भिंतीवरही राहू दिली नाही. पेटीत, गोधडीच्या खाली लपवली.

दुपारी खोलीमालक शेठ आला. बायका घाबरल्यात म्हणाला, महिना संपला की खोली रिकामी करा. मावशी "बरं" म्हणाल्या.

दोन दिवस मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले. मावशी जमिनीवर बसून त्या पाटाचे उरलेले तुकडे एकाला एक लावून बघत होत्या.

"त्यांच्याकडून घड्याळ मागून घेते," त्या म्हणाल्या. "रंग खरवडते, चारी तुकडे जोडते. जोड दिसायचा न्हाई. होईल ना?"

 खंडित झालेली वस्तू देवाला चालत नाही, हे आमच्यात लहान पोरीलाही माहीत असतं. त्यांनी घड्याळ मागितलं असतं, रात्रंदिवस खपून पाट जोडला असता आणि मोठ्या मायने तो त्यांच्या तोंडावर फेकला असता.

"जोडलेला चालत नाही," मी म्हणाले. "तुकडे फडक्यात बांधून त्यांच्या दाराशी ठेवा. ते तापीत सोडतील. पाट नवा लागेल. सव्वा हात लांब. कोपरे गोल नकोत."

मावशींनी मान वर केली. मग म्हणाल्या, "तुला ठावं होतं."

मी खाली बसले.

"मी विचारलं तवा पण ठावं होतं."

मी मान हलवली. आता त्या मला हाकलतील असं वाटलं. पण त्या हातातला तुकडा पटाशीने उगाच तासायला लागल्या आणि पटाशी सटकून त्यांच्या अंगठ्यात गेली. रक्त आलं. त्या त्याच्याकडे असं बघत राहिल्या, जसं काही ते दुसऱ्या कुणाचं आहे.

"आजवर असं झालं न्हाई," त्या म्हणाल्या. मी पदर फाडून बांधायला लागले. "तुझ्यावर राग न्हाई गं. तू भितेस, हे मला पहिल्या दिवसापासून ठावं हाय. पण आता मलाबी भ्या वाटायलंय. देवीला रागवायचं तर माझ्यावर रागवावं. लेकरावर कशाला?"

त्या जवळच्या उधन्याला जाऊन सागवानी फळी घेऊन आल्या. कोरी, ताज्या वासाची. त्यांच्या खोलीत कोरं लाकूड मी पहिल्यांदाच पाहिलं. पुढचा आठवडा आम्ही दार लोटून काम केलं. त्या प्रत्येक गोष्ट मला विचारत होत्या. खिळे चालतील का? मी म्हणाले, माझ्या आजीच्या पाटाला लाकडाच्या खुंट्या आहेत. मग त्यांनी खुंट्या तासल्या. पॉलिश लावू का? नको, कोराच असू दे, तेल चालेल. इतकं मी जन्मात कुणाशी बोलले नव्हते. मध्येच त्या थांबत आणि विचारत, "दवाखान्यातून काय कळलं का?" काही कळलेलं नसे. मग त्या पुन्हा रंधा धरत. त्यांच्या हाताला बारीक कंप होता आणि तो मला दिसतो आहे हे त्यांना कळत होतं.

महिना संपायच्या आत त्यांची लेक लातूरहून न्यायला आली. निघायच्या सकाळी मावशी माझ्याकडे आल्या. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला पाट माझ्या हातात दिला.

"तू नेऊन दे. माझ्या हातचा म्हणलं तर घ्यायच्या न्हाईत. तुझ्या माहेराहून आलाय म्हण. दुसरं काय बोलायची गरज न्हाई."

मी त्यांच्या पाया पडले. बोलायचं नव्हतं, म्हणून मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

पोरगं शुक्रवारी घरी आलं. काडी झालं होतं, पण चालत आलं. कानबाई रविवारी बसायची होती. शनिवारी दुपारी मोठ्या मायच्या ओसरीवर बायका रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, गहू निवडत होत्या. मी पाट घेऊन गेले. सगळ्यांचे हात थांबले.

"कोन्हा शे हाऊ?" मोठ्या मायने विचारलं.

 मी बोलायच्या आत सुपावरचीच एक बाई म्हणाली, "तिन्ही मायना घरना व्हई."

माझ्या माहेरचा असेल, असं तिला वाटलं; मला फक्त मान हलवायची होती. चांगला पाट होता, देवी त्यावर बसली असती, पोरगं बरं होतं, मावशी लातूरला पोहोचल्या होत्या. कुणाचं काही अडत नव्हतं. फक्त या ओसरीवर मावशींचं नाव निघालं की बायका कानाला हात लावणार होत्या, या वर्षी आणि पुढच्याही वर्षी. मी पाट छातीशी धरला.

"नही," मी म्हणाले. "लातूरनी मावशीनी करा."

मोठ्या मायने हातातलं सूप खाली ठेवलं.

"जुना पाट कापाना पहिले तिनी माले इचारं व्हतं. डाग कसाना शेतस म्हनीसनी. माले माहीत व्हतं. मी बोलनी नही."

 आत पोरगं खोकलं.

"आते बोलनी?" मोठी माय म्हणाली.

"हा."

"तव्हय काबर नही बोलनी?"

"भ्याव वाटना."

"कोना भ्याव?"

"तुम्हना."

एक बाई फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली. मोठी माय माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांकडे मी पहिल्यांदाच इतका वेळ पाहिलं. म्हातारी बाई होती. पंधरा दिवस दवाखान्याच्या बाकावर झोपलेली.

"ठेव तठे," ती म्हणाली.

मी पाट भिंतीशी ठेवला आणि घरी आले. घरात येऊन दार लावलं.

रविवारी कानबाई त्याच पाटावर बसली. मला दर्शनाला कुणी अडवलं नाही. पण गाणी म्हणताना माझ्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहिली. त्यानंतर बरेच महिने तसंच राहिलं. साड्यांचा गठ्ठा वाटताना मला शेवटी मिळे. आता थोडं निवळलंय. मावशींबद्दल मात्र गल्लीत कुणी वाईट बोलत नाही. बोलायचंच झालं तर माझ्याबद्दल बोलतात. ते ठीक आहे.

सोमवारी कानबाईला पोचवून आल्यावर मी नवऱ्याच्या फोनवरून मावशींना फोन केला. त्यांनी आवाज ओळखला.

"लेकरू कसं हाय?"

"घरी आलं."

"खातंय का?"

"खातंय. काल पुरणपोळी मागितली त्याने."

पलीकडून त्यांच्या नाकाचा आवाज आला.

"पाट घेतला का त्यांनी?"

"घेतला. मी सांगितलं कुणी केला ते. आणि माझंही सांगितलं."

"येडी," त्या म्हणाल्या. मग सुताराच्या आवाजात, "डुगडुगत न्हाई ना? खालची पट्टी घाईत बसवली मी. हात ताब्यात नव्हता."

खरं म्हणजे डुगडुगत होता. देवी ठेवल्यावर मोठ्या मायने वाकून उजव्या बाजूला कागदाची घडी सरकवली होती, मी पाहिलं होतं.

"जरासा," मी म्हणाले. "उजवीकडून."

"वाटलंच मला. तासायला पायजे ती पट्टी, सूतभर."

आता मावशींच्या खोलीत दुसरं कुटुंब आलंय. यंदाचा श्रावण जवळ आला आहे. पट्टी कुणी तासलेली नाही.